ओळखपत्राच्या आधीचे कागद

ऑक्टोबर २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात ब्रिटनचे पंतप्रधान किअर स्टार्मर मुंबईत होते. दौरा व्यापारासाठी होता, पण त्यातून वेळ काढून ते नंदन निलेकणी यांना भेटले. ‘आधार’ एवढ्या मोठ्या देशात कसं उभं राहिलं, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. दोनच आठवड्यांपूर्वी, २६ सप्टेंबरला, त्यांनी आपल्या देशात घोषणा केली होती की यापुढे ब्रिटनमध्ये नोकरी धरायची तर डिजिटल ओळख लागेल. घोषणेनंतर काही दिवसांतच विरोधाच्या याचिकेवर २० लाखांहून अधिक सह्या पडल्या.

एवढा राग आला तो नुसत्या घोषणेमुळे नव्हे. याच देशानं याआधी ओळखपत्र आणलं होतं, त्यासाठी कायदा केला होता, थोडीफार कार्डं वाटलीही होती आणि नंतर सगळं मोडून टाकलं होतं. त्या प्रकरणात दोन सरकारी अहवाल होते. योजना सुरू करायच्या आधी सरकारनंच सरकारसाठी लिहून घेतलेले. ते लोकांना दाखवायचे की नाही, यावर चार वर्षांहून अधिक काळ भांडण चाललं. इतिहासाच्या पुस्तकांत त्याला जेमतेम एखादी तळटीप मिळेल. पण सरकार नागरिकाची माहिती मागतं तेव्हा नागरिकानं सरकारकडे कोणती माहिती मागायची आणि केव्हा, हे त्या भांडणाइतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसतं.

ओळखपत्र ब्रिटिशांना तसं अनोळखी नव्हतं. सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच राष्ट्रीय नोंदणीचा कायदा झाला आणि घरोघर कार्डं गेली. रेशन, सैन्यभरती आणि लोकसंख्येची मोजदाद एवढीच तेव्हाची कारणं होती. युद्ध संपलं, कार्ड मात्र राहिलं. रस्त्यात गाडी अडवली की पोलीस सवयीनं कार्ड मागू लागले. ७ डिसेंबर १९५० रोजी उत्तर लंडनमधल्या फिंचलीत क्लॅरेन्स विलकॉक या मोटारचालकानं ते दाखवायला साफ नकार दिला. खटला वरच्या न्यायालयात गेला. कायद्याच्या अक्षरावर विलकॉक हरले, पण सरन्यायाधीश लॉर्ड गॉडर्ड यांनी सरकारलाच सुनावलं: युद्धासाठी केलेला कायदा शांततेत असा वापरला, तर कायदा पाळणारी माणसं कायदा मोडणारी होतील. फेब्रुवारी १९५२ मध्ये चर्चिल सरकारनं कार्डं रद्द केली.

पुढे ५० वर्षं हा विषय कुणी फारसा काढला नाही. ११ सप्टेंबर २००१ नंतर हवा बदलली. जुलै २००२ मध्ये गृहमंत्री डेव्हिड ब्लंकेट यांनी ‘हक्काचं कार्ड’ अशा गोड नावाखाली चर्चेचा मसुदा काढला. नोव्हेंबर २००३ मध्ये ओळखपत्र आणायचं ठरल्याचं जाहीर झालं आणि २००४ च्या नोव्हेंबरात विधेयक संसदेत आलं. या काळात योजनेची कारणं सारखी बदलत राहिली. कधी सरकारी भत्त्यांतली फसवणूक, कधी बेकायदा स्थलांतरित, कधी दहशतवाद, तर कधी ओळखचोरी. खिशातलं कार्ड हा योजनेचा लहानसा भाग होता. खरी गोष्ट होती त्यामागची राष्ट्रीय नोंदवही. माणसाचे बोटांचे ठसे, चेहरा, सध्याचा आणि आधीचे पत्ते, ओळख कुठे कुठे तपासली गेली त्याची नोंद, अशी सुमारे ५० प्रकारची माहिती त्या नोंदवहीत साठवायची होती. पत्ता बदलला आणि कळवला नाही, तर १००० पौंडांपर्यंत दंड.

खर्च किती, हा प्रश्न सर्वांत चिवट निघाला. सरकार दहा वर्षांसाठी साधारण ५.८ अब्ज पौंडांचा आकडा सांगत होतं. जून २००५ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासगटानं आपला अहवाल काढला. त्यात हाच खर्च १०.६ ते १९.२ अब्ज पौंडांच्या दरम्यान जाईल असा अंदाज होता. नवे गृहमंत्री चार्ल्स क्लार्क त्या अहवालावर तुटून पडले. अभ्यासकांचं उत्तर सरळ होतं: आमचे आकडे चुकले असतील तर तुमचा हिशेब टेबलावर ठेवा. सरकारचं म्हणणं, तपशील उघड केले तर कंत्राटदारांशी घासाघीस करता येणार नाही. म्हणजे संसदेनं विधेयक मंजूर करायचं, लोकांनी पैसे भरायचे, आणि हिशेब मात्र दोघांनीही विश्वासावर धरायचा.

सरकारच्या आत मात्र योजनेची तपासणी झालेली होती.

ब्रिटनच्या अर्थखात्याच्या हाताखाली तेव्हा ऑफिस ऑफ गव्हर्नमेंट कॉमर्स, म्हणजे ओजीसी, नावाचं कार्यालय होतं. मोठ्या सरकारी प्रकल्पांवर, विशेषतः संगणकाच्या प्रकल्पांवर, कोट्यवधी पौंड वाया गेल्याचा अनुभव गाठीशी असल्यानं २००१ पासून या कार्यालयानं ‘गेटवे’ नावाची पद्धत सुरू केली. प्रकल्पाच्या वाटेवर शून्यापासून पाचपर्यंत टप्पे ठरलेले. प्रत्येक टप्प्यावर प्रकल्पाशी संबंध नसलेल्या अनुभवी माणसांचं छोटं पथक येई, तीन-चार दिवस संबंधितांच्या मुलाखती घेई आणि जाण्यापूर्वी अहवाल हातात ठेवी. अहवालाला सिग्नलसारखा रंग असे. लाल म्हणजे ताबडतोब दुरुस्ती करा, पिवळा म्हणजे पुढच्या टप्प्याआधी करा, हिरवा म्हणजे चालू द्या. अहवाल फक्त प्रकल्पाच्या प्रमुख अधिकाऱ्यासाठी. बोलणाऱ्यांना गुप्ततेची हमी, आणि पथकानं आपली टिपणंही मागे ठेवायची नाहीत.

शून्य क्रमांकाचा टप्पा सर्वांत मूलभूत. हा प्रकल्प हवा कशासाठी, उद्देश स्पष्ट आहे का, असे प्रश्न तिथे विचारले जात. ओळखपत्राच्या योजनेची या टप्प्यावर जून २००३ आणि जानेवारी २००४ अशी दोनदा तपासणी झाली. मंत्र्यांनी योजना जाहीर केली ती या दोन तारखांच्या मधोमध.

१ जानेवारी २००५ रोजी ब्रिटनमध्ये माहिती स्वातंत्र्याचा कायदा अमलात आला. कायदा २००० मध्येच मंजूर झाला होता. खात्यांना तयारीला वेळ हवा म्हणून तो चार वर्षं थांबवून ठेवला होता. आणणारं सरकार टोनी ब्लेअर यांचं, ओळखपत्र आणणारंही त्यांचंच. कायदा लागू होताच आलेल्या पहिल्या काही अर्जांत ओजीसीकडे दोन अर्ज होते. एक निघाला होता लिबरल डेमोक्रॅट खासदार मार्क ओटन यांच्या संसदेतल्या प्रश्नातून: ओळखपत्राच्या योजनेला कोणता रंग मिळाला? दुसरा एका सामान्य नागरिकाचा: शून्य टप्प्याचे अहवाल द्या. कायद्यानं उत्तराला मुदत होती कामाच्या २० दिवसांची.

उत्तर आलं, नकाराचं. ओजीसीनं दोन कलमं पुढे केली. एक लेखापरीक्षणासारख्या कामात अडथळा येऊ नये म्हणून असलेलं, दुसरं धोरण ठरण्याच्या प्रक्रियेचं रक्षण करणारं. त्यांचा युक्तिवाद नुसता टोलवाटोलवीचा म्हणून उडवून देण्यासारखा नव्हता. अधिकारी मोकळेपणानं बोलतात ते नाव बाहेर जाणार नाही या भरवशावर. उद्या अहवाल वर्तमानपत्रात येणार असेल, तर पथक शब्द जपून लिहील, अधिकारी हातचं राखून बोलतील, चार दिवसांचं काम चार आठवडे लांबेल आणि मंत्र्यापर्यंत गुळमुळीत कागद पोहोचेल. ज्यानं कुठल्याही कचेरीत गोपनीय शेरा लिहिला आहे, त्याला ही भीती खरी वाटेल.

पण या युक्तिवादाला एक मोठं भोक होतं. मंत्र्यांना खरं कळावं म्हणून गुप्तता हवी, हे मान्य केलं, तरी त्याच खऱ्याच्या आधारावर संसदेकडून मत मागितलं जात होतं. खासदारांना ना रंग माहीत होता ना मजकूर. नोंदवहीत साठवायच्या ५० प्रकारच्या तपशिलांबद्दल दंडाची धमकी ज्याला मिळणार होती, त्या माणसाला तर काहीच माहीत नव्हतं.

माहिती आयुक्त रिचर्ड थॉमस यांच्याकडे तक्रार गेली. त्यांचा निर्णय यायला २००६ चा उन्हाळा उजाडला: अहवाल द्या. तोवर मार्च २००६ मध्ये ओळखपत्राचं विधेयक कायदाही झालं होतं. लॉर्ड्सच्या सभागृहानं ते पुन्हा पुन्हा परत पाठवलं होतं आणि खर्चाचा पूर्ण हिशेब मागितला होता. त्या ओढाताणीतून कायद्यात ३७ वं कलम आलं. त्यानुसार सरकारनं दर सहा महिन्यांनी पुढच्या दहा वर्षांच्या खर्चाचा अंदाज संसदेपुढे ठेवायचा होता. हे कलमही पुढे कसं पाळलं गेलं ते पाहण्यासारखं आहे. २००७ च्या एप्रिलमध्ये यायचा अहवाल महिनाभर उशिरा, १० मे रोजी आला. त्याच दिवशी ब्लेअर यांनी पंतप्रधानपद सोडण्याची तारीख जाहीर केली, आणि त्या दिवशी खर्चाच्या अहवालाकडे कोण बघणार होतं?

आयुक्तांच्या आदेशावर ओजीसीनं माहिती न्यायाधिकरणाकडे अपील केलं. २ मे २००७ रोजी न्यायाधिकरणही अर्जदारांच्याच बाजूनं उभं राहिलं. त्याचं मुख्य म्हणणं असं: अर्ज आले तेव्हा योजना आणायचा निर्णय झालेला होता, विधेयक संसदेत मांडलेलं होतं. त्यामुळे धोरण अजून शिजतं आहे, ही सबब तितकीशी चालणार नाही. आणि अहवाल बाहेर गेला म्हणून अनुभवी अधिकारी आपलं कर्तव्य सोडून गुळमुळीत बोलू लागतील, हे न्यायाधिकरणाला पटलं नाही.

इथे प्रकरण संपायला हवं होतं. ते उच्च न्यायालयात गेलं आणि तिथे त्याला वळण दिलं ३०० वर्षांहून जुन्या कायद्यानं.

झालं असं. न्यायाधिकरणानं आपल्या निकालात, इतर कारणांबरोबर, कॉमन्सच्या एका समितीच्या २००४ मधल्या अहवालाचा आधार घेतला होता. काम आणि निवृत्तिवेतन खात्यावर नजर ठेवणाऱ्या त्या समितीनं सरकारी संगणक प्रकल्पांचे गेटवे अहवाल प्रसिद्ध करावेत अशी शिफारस केली होती. आता १६८९ च्या ‘बिल ऑफ राइट्स’चं नववं कलम सांगतं की संसदेतलं बोलणं आणि कामकाज कोणत्याही न्यायालयात वादाचा विषय होऊ शकत नाही. राजानं खासदारांना त्यांच्या भाषणांसाठी तुरुंगात टाकू नये म्हणून जन्मलेला हा नियम. कॉमन्सच्या सभापतींच्या वतीनं ॲटर्नी जनरल न्यायालयात उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं की न्यायाधिकरणानं समितीच्या मताचा पुरावा म्हणून वापर करून हा नियम मोडला.

११ एप्रिल २००८ रोजी न्यायमूर्ती स्टॅन्ली बर्न्टन यांनी ते मान्य केलं. त्यांचा तर्क काटेकोर होता. एका पक्षानं समितीचं मत पुढे केलं, तर दुसऱ्या पक्षाला ते मत चूक आहे असं म्हणावं लागणार, आणि मग न्यायालय संसदेच्या समितीच्या शहाणपणावर निकाल देत बसणार. तेव्हा न्यायाधिकरणानं संसदेचं मत बाजूला ठेवून स्वतःच्या विचारानं ठरवायला हवं होतं. निकाल रद्द झाला आणि प्रकरण नव्या न्यायाधिकरणापुढे पुन्हा सुनावणीला गेलं.

कायद्याच्या चौकटीत हा निर्णय बरोबर असेलही. तरी त्यामुळे घडलं ते असं की खासदारांच्या एका समितीनं कागद उघडे करा म्हणून मागणी केली होती, आणि त्या मागणीचा उल्लेख केल्यामुळेच कागद आणखी वर्षभर बंद राहिले. खासदारांच्या बोलण्याचं राजापासून रक्षण करणारं कलम खासदारांनीच मागितलेल्या माहितीच्या आड आलं.

दरम्यान देश थांबला नव्हता. जुलै २००६ मध्ये ओजीसीच्या आणि पासपोर्ट सेवेच्या अधिकाऱ्यांमधले ईमेल ‘संडे टाइम्स’मध्ये फुटले. योजना ठरल्या वेळेत आणि ठरल्या स्वरूपात पार पडेल याबद्दल आतल्याच माणसांना गंभीर शंका असल्याचं त्यातून दिसलं. ज्या कार्यालयाचा अहवाल बाहेर आला तर अधिकारी बोलणं बंद करतील असं सांगितलं जात होतं, तिथलेच अधिकारी असे बोलत होते. मग नोव्हेंबर २००७ मध्ये अर्थमंत्री ॲलिस्टर डार्लिंग यांना संसदेत सांगावं लागलं की बालभत्त्याच्या नोंदी असलेल्या दोन डिस्क टपालात हरवल्या आहेत. त्यांत अडीच कोटी लोकांची नावं, पत्ते, बँक खाती होती. एवढं सांभाळता न येणारं सरकार सगळ्या देशाच्या बोटांचे ठसे कसे सांभाळणार, हा प्रश्न मग अभ्यासकांच्या चर्चेतून घराघरांत गेला.

फेब्रुवारी २००९ मध्ये दुसऱ्या न्यायाधिकरणाचा निर्णय आला. संसदेची एकही ओळ न वापरता, पहिल्याच निष्कर्षावर: अहवाल द्या. आता सरकारच्या हाती एक शेवटचं शस्त्र उरलं होतं. कायद्यानुसार मंत्री नकाराधिकार वापरून न्यायाधिकरणाचा आदेश उधळून लावू शकत होता. त्याच महिन्यात, २४ फेब्रुवारीला, न्यायमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी इराक युद्धाबाबतच्या मंत्रिमंडळ बैठकांच्या नोंदी दडवण्यासाठी तो अधिकार वापरला. कायदा आल्यापासून पहिल्यांदाच. ओळखपत्राच्या अहवालांवर तो वापरला गेला नाही. ओजीसीनं पुन्हा अपीलही केलं नाही. मार्चमध्ये ते दोन अहवाल प्रसिद्ध झाले.

सरकार पडावं असं त्यात काही नव्हतं. अधिकाऱ्यांनी बोलणं बंद केलं नाही, गेटवे पद्धतही कोसळली नाही. पण जून २००३ चा कागद २००९ च्या मार्चमध्ये हाती येतो, तेव्हा त्याचं मोल काय उरतं? विधेयक दोनदा मांडून झालं होतं, कायद्याला तीन वर्षं झाली होती, एक सार्वत्रिक निवडणूक पार पडली होती. पुढच्याच महिन्यात पासपोर्ट आणि ओळखपत्राच्या कामासाठी सीएससी आणि आयबीएम या कंपन्यांना मोठी कंत्राटं जाहीर झाली. सीएससीचं ३८.५ कोटी पौंडांचं, आयबीएमचं २६.५ कोटींचं. सरकार खटला हरलं होतं, पण वेळ त्यानं जिंकली होती. आणि या प्रकारच्या भांडणात सरकारला बहुतेक वेळा तेवढंच हवं असतं.

पुढचं लवकर आटोपलं. २००९ च्या अखेरीस मँचेस्टरमध्ये ३० पौंडांना ऐच्छिक ओळखपत्रं मिळू लागली. जेमतेम १५ हजार कार्डं निघाली. मे २०१० मध्ये सत्ता बदलली. नव्या आघाडी सरकारनं सर्वांत आधी हाती घेतलेल्या विधेयकांपैकी एक होतं ओळखपत्र रद्द करण्याचं. जानेवारी २०११ मध्ये कार्डं बाद झाली, पैसे कुणालाच परत मिळाले नाहीत. फेब्रुवारीत एसेक्समधल्या विटम गावच्या कारखान्यात मंत्री डेमियन ग्रीन यांच्यासमोर नोंदवहीच्या सुमारे ५०० हार्ड डिस्कचा चुरा करण्यात आला.

आता कॅलेंडर भारताच्या बाजूनं वाचून बघावं. ब्रिटनमध्ये माहितीचा कायदा जानेवारी २००५ मध्ये लागू झाला, आपला १२ ऑक्टोबर २००५ ला. महाराष्ट्रात तर त्याआधीच, २००२ मध्ये, राज्याचा स्वतःचा कायदा आला होता. त्यामागे अण्णा हजारे यांची उपोषणं आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांची वर्षानुवर्षांची खटपट होती. दुसरं न्यायाधिकरण लंडनमध्ये निकाल देण्याच्या बेतात असताना, २८ जानेवारी २००९ रोजी, नियोजन आयोगाच्या एका अधिसूचनेनं भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरण जन्माला आलं. आणि २०१० च्या सप्टेंबरात कॉमन्सनं ओळखपत्र रद्द करणारं विधेयक मंजूर केलं, त्याच महिन्याच्या २९ तारखेला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले.

आदल्याच दिवशी न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर, रोमिला थापर, अरुणा रॉय, उपेंद्र बक्षी यांच्यासह १७ मान्यवरांनी एक निवेदन काढलं होतं. त्यांचं मागणं ओजीसीच्या शून्य टप्प्याला शोभेल असंच होतं: योजना पुढे नेण्याआधी तिची व्यवहार्यता तपासा, खर्च आणि फायद्याचा हिशेब मांडा, कायदा करा. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमात यासाठी जागा आधीच आहे. महत्त्वाचं धोरण ठरवताना किंवा लोकांवर परिणाम करणारा निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची सर्व तथ्यं सरकारनं आपणहून प्रसिद्ध करायची, असं ते कलम सांगतं. कुणी अर्ज करायची, ३० दिवस वाट बघायची गरजच नाही. ब्रिटिश कायद्यात इतकी स्पष्ट ओळ नाही.

ती ओळ पाळली गेली का? थोडीशी. प्राधिकरणानं आपल्या तज्ज्ञ समित्यांचे अहवाल संकेतस्थळावर ठेवले होते, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. त्यातल्या एका अहवालात समितीनं स्वतःच नोंदवलं होतं की भारतीय परिस्थितीत बोटांच्या ठशांचा दर्जा कसा असतो याचा खोलवर अभ्यास झालेला नाही. ऊस तोडणाऱ्या, विटा वाहणाऱ्या हातांचे ठसे यंत्राला उमटतील का, हा प्रश्न पुढे रेशन दुकानाच्या रांगेत विचारला गेला. तो कागदावर मात्र सुरुवातीपासून होता. पूर्ण योजनेचा एकत्र हिशेब मात्र सुरुवातीला नव्हता. यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीनं १३ डिसेंबर २०११ च्या अहवालात प्राधिकरणाचं विधेयक आहे त्या रूपात नाकारलं. उद्देशाची अस्पष्टता, न झालेला व्यवहार्यतेचा अभ्यास, अशी कारणं समितीनं दिली आणि त्यात ब्रिटनच्या मोडीत निघालेल्या योजनेचा दाखलाही दिला. ब्रिटनचं कार्ड वेगळं, आपला क्रमांक वेगळा, हे सरकारचं उत्तर. दोन महिन्यांच्या आत, जानेवारी २०१२ मध्ये, मंत्रिमंडळानं आणखी ४० कोटी लोकांच्या नोंदणीला मंजुरी दिली. कायदा अजून नव्हताच. तो २०१६ च्या मार्चमध्ये आला, तोही अर्थविधेयक म्हणून, म्हणजे राज्यसभेच्या दुरुस्त्या झुगारून देता येतील अशा वाटेनं.

या मधल्या काळात प्रश्न विचारण्याचं काम माहिती अधिकाराच्या अर्जांनी केलं. वकील, पत्रकार, विद्यार्थी, निवृत्त अधिकारी दहा रुपयांच्या शुल्कावर लिहीत राहिले. महाराष्ट्रात तर असा अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर बसवावा लागतो. बरीच उत्तरं अपुरी आली, पण काही आकडे असे आले की ते पुसता येत नाहीत. आधारची सर्वांत मोठी नैतिक बाजू ही होती की ज्यांच्याकडे कुठलाच कागद नाही अशा माणसांना ते ओळख देईल. त्यासाठी ‘परिचयदात्या’ची सोय होती: कागद नसलेल्याची ओळख एखाद्या मान्य व्यक्तीनं पटवून द्यायची. २०१५ मध्ये माहिती अधिकारातून कळलं की तोवर दिलेल्या ८३.५ कोटी क्रमांकांपैकी परिचयदात्यामार्फत दिलेले होते २.१९ लाख. शंभरातले ०.०३. बाकी सगळ्यांनी आधीचा कुठलातरी कागद दाखवूनच आधार घेतलं होतं. हा आकडा टेंभलीच्या मांडवात कुणाकडे असणं शक्य नव्हतं. पण २०१२ मध्ये तो काढता आला असता, आणि आणखी ४० कोटींचा निर्णय घेणाऱ्या बैठकीत तो टेबलावर असायला हवा होता.

नोव्हेंबर २०१७ मधल्या दुसऱ्या एका उत्तरात प्राधिकरणानं मान्य केलं की केंद्र आणि राज्य सरकारांच्या, शिक्षणसंस्थांच्या सुमारे २१० संकेतस्थळांवर लाभार्थ्यांची नावं, पत्ते आणि आधार क्रमांक उघडे पडले होते. ते काढून टाकल्याचंही कळवलं. ही कबुली एका साध्या अर्जाला आलेली होती.

आधारचा खटला २०१२ पासून सर्वोच्च न्यायालयात होता. २३ सप्टेंबर २०१३ रोजी न्यायालयानं सांगितलं की आधार नाही म्हणून कुणाची अडवणूक होऊ नये. अंतिम निकाल २६ सप्टेंबर २०१८ ला आला, चार विरुद्ध एक. योजना टिकली. खासगी कंपन्यांना आधार मागण्याची मुभा गेली. अर्थविधेयकाची वाट राज्यघटनेशी प्रतारणा करणारी आहे, असं एकट्या न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं. तोवर जवळपास सगळ्या प्रौढांची नोंदणी झालेली होती. लंडनच्या न्यायाधिकरणासारखंच इथेही उत्तर आलं ते काम होऊन गेल्यावर.

२०२३ मध्ये संसदेनं डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला. नागरिकाच्या खासगी माहितीचं रक्षण हा त्याचा उद्देश, आणि आधारसारख्या योजनेनंतर तो गरजेचाच होता. पण त्याच्या ४४ व्या कलमातल्या एका पोटकलमानं माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ञ) बदललं. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना अधिकाऱ्याला तपासावं लागे की तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, ती दिल्यानं विनाकारण कुणाच्या खासगीपणावर घाला येतो का, आणि व्यापक जनहित त्याहून मोठं आहे का. शिवाय एक मोलाचं वाक्य होतं: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारता येणार नाही. हे वाक्य आणि त्या कसोट्या, दोन्ही आता गेली. माहिती वैयक्तिक आहे एवढंच कारण पुरेसं झालं. नोव्हेंबर २०२५ मध्ये हा बदल अमलात आला.

रेशनच्या यादीत मेलेल्यांची नावं आहेत का, रोजगार हमीच्या हजेरीपटावरच्या, पण गावात नसलेल्या मजुरांच्या खात्यांवर पैसे गेले का, घरकुल खरोखर कुणाला मिळालं, हे आजवर उघडकीस आलं ते नावानिशी याद्या मिळाल्यामुळे. कलम ८(२) मधली जनहिताची तरतूद अजून शाबूत आहे. संरक्षित हितापेक्षा जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, असं ती सांगते. यापुढे गावच्या दुकानाची यादी मागणाऱ्याला त्या एका कलमावर बोट ठेवून अपिलात उभं राहावं लागेल, आणि माहिती आयोगात आधीच साचलेल्या प्रकरणांच्या रांगेत आपला नंबर येईपर्यंत थांबावं लागेल.